नरांना पेंड, माद्यांना कोंडा

यंदा मी दमले. तशी दरवर्षीच दमते, पण भाताची आवणी उरकली, चार दिवस पाठ टेकली की ते उतरतं. यंदाचं उतरतच नाही. कारण विचाराल तर सांगायला लाज वाटते. जी गोष्ट घरात दोन पिढ्या डोळ्यांसमोर होती ती मला माशांनी शिकवली, आणि तीही यंदाचं सगळं वाण मेल्यावर.

धसईच्या अलीकडे आमचं गाव. खाचरांच्या खालच्या अंगाला आमचं तळं आहे, त्यात आम्ही रोहू पाळतो. खाण्यासाठी नव्हे, वाणासाठी. पावसाळ्यात त्यांची अंडी घ्यायची, पिल्लं काढायची, मग ज्यांची तळी आहेत ते लोक येऊन पिल्लं घेऊन जातात. नुकत्या निघालेल्या पिल्लांना जिरे म्हणतात. दिसतंही तसंच, मसाल्याच्या डब्यातलं जिरं पाण्यात सांडावं तसं. तळ्याचं बाकी सगळं आमचे हे बघतात, माशांना खायला घालणं तेवढं माझ्याकडे. घरात चूल माझीच आणि तळ्यावरही माझीच, बाईच्या जातीला सुटका म्हणून नाही.

फाल्गुनात आम्ही माद्या एकीकडे करतो, नर एकीकडे, मध्ये जाळं. दोन्हीकडे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड कालवून घालायची. हे म्हणाले होते, "दोन्ही बाजूला सारखं घाल गो." मी हो म्हटलं आणि माझ्या मनातलं केलं. नरांना पेंड घातली. माद्यांना नुसता कोंडा, तोही मोजून.

का, तर पोटुशीला मोजून घालायचं असतं. हे मला कुणी तळ्यावर शिकवलं नव्हतं. माझ्या सासूनं शिकवलं होतं, माझ्याच ताटात.

मी पहिल्यांदा गरोदर होते तेव्हा पाचवा महिना लागल्या दिवशी सासूनं फडताळातून एक जर्मनची वाटी काढली. त्या वाटीनं एकदा भात, एकदा आमटी, बस्स. अंडं नाही, सुकट नाही, उष्ण पडतं म्हणे. "हलकं पोट, हलकं बाळंतपण," हे तिचं ठरलेलं वाक्य. पोर मोठं झालं तर अडशील, म्हणायची. ती दुष्ट नव्हती हो. तिच्या काळी रस्ता नव्हता, अडलेली बाई डोलीत घालून मुरबाडला न्यायची, आणि तिची सख्खी जाऊ त्या डोलीतच गेली होती. त्या भीतीनं तिनं ती वाटी काढली होती. मी मुकाट्यानं खाल्लं. भुकेनं झोप लागायची नाही, तर पदर पोटाला आवळून पडायची.

माझी पहिली मुलगी वीतभर होती. पाचवी पुजायच्या आत गेली. सगळे म्हणाले, नशीब. मीही नशीबच म्हटलं. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तो काडी होता पण जगला. मग सासू म्हणाली, बघ, वाटीनं काही बिघडलं का? आणि मला ते पटलंसुद्धा.

यंदा त्या मुलाची बायको गरोदर आहे. ती आटगावकडची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असून माहेरी जाता येत नाही, माझ्याच जिवावर आहे. आणि मी काय केलं असेल? पाचव्या महिन्यात फडताळ उघडलं आणि तीच वाटी काढली. पोरगी गरीब, तोंड वर करून बोलत नाही. एकदाच म्हणाली, "आई, सुकटीची चटणी खावीशी वाटते." मी म्हटलं, "डोहाळ्यांचं काय गो, उद्या चंद्र मागशील." हसली बिचारी, आणि वाटी चाटूनपुसून ठेवली. सरकारी दवाखान्याची आशाताई येऊन वजन करून गेली, म्हणाली, काटा पुढे सरकत नाही, तिला नीट खायला घाला. मी तिलाच फटकारलं, "तुमच्या काट्याला गंज चढलाय." माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

आषाढात अंडी घ्यायची वेळ आली. माशांनी अंडी सोडावीत म्हणून त्यांना औषधाची सुई टोचायला एक माणूस येतो, बरीच वर्षं तोच येतो, मला मावशी म्हणतो. संध्याकाळी त्यानं माद्यांना आणि नरांना सुया दिल्या आणि हाप्यात सोडलं. हापा म्हणजे मच्छरदाणी उलटी टांगावी तसं तळ्यात बांबूंना बांधलेलं कापड. दुसऱ्या दिवशी उजाडताना अंडी पडली होती. चांगलं अंडं भिजल्या साबुदाण्यासारखं आरपार दिसतं. यातली निम्मी पांढरीफट्ट, मेलेली होती. निम्म्यांतून जिरे निघाले तेव्हा आम्हाला वाटलं, चला, काहीतरी पदरात पडलं.

जिरे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते वर येईनात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कापड उचललं तर सगळे एका कोपऱ्यात बसले होते, रवा बसतो तसे. बोट घातलं तर बोटाला चिकटून आले. यांनी ओंजळीत घेऊन बघितले, परत पाण्यात सोडले आणि बांधावर जाऊन बसले. वर्षाची मेहनत होती ती. मी माशांना शिव्या घातल्या, पाण्याला घातल्या, सुईवाल्याला बोलावून त्यालाही घातल्या.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, माद्यांना काय घालत होता?"

"कोंडा."

"आणि पेंड?"

"नरांना."

तो बघतच राहिला. "अवो मावशी, नर काय बाळंत होणार हायेत?"

मला राग आला. मी म्हटलं, माद्या पोटुशा, त्यांना कमीच घालायचं. तेव्हा तो बांधावर उकिडवा बसला आणि त्यानं शांतपणे सांगितलं, लहान पोरीला शिकवावं तसं. "जिरं निघतं तवा त्याला खायला येत नाय. तीन दिवस ते तोंडानं कायच खात नाय. आईनं त्याच्या पोटाशी शिदोरी बांधून दिलेली असते, त्यावर जगतं. फाल्गुनापासून तुमी जे आईला घालाल त्याची ती शिदोरी. तिलाच कोंड्यावर ठेवलं, तर ती बांधणार काय? आडात नाय, ते पोहऱ्यात कुठनं येणार?"

हे माझ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हाच कळलं मी काय केलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "सारखं घाल म्हटलं होतं."

मी विचारलं, आता काय? तो म्हणाला, "यंदाचं गेलं, मावशी. आता माद्या रिकाम्या झाल्यात, त्यांना आतापासून घाला. पेंड घाला, सुकटीचा भुगा घाला. पुढल्या वर्षीला कामास येईल."

यंदाचं गेलं. मी बांधावर उभी होते आणि मला मासे दिसतच नव्हते. मला ती वीतभर पोर दिसत होती. ती वाटीनंच गेली असं मी म्हणत नाही, कुणाला काय ठाऊक? पण तिला देण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं, हे मला माझ्या अंगानं तेव्हाही सांगितलं होतं. मी पदर आवळून त्याचं तोंड बंद केलं. आणि सुनेला सातवा लागत होता. माशांचं यंदाचं गेलं होतं, तिचे अजून तीन महिने होते.

दुसऱ्या दिवशी धसईच्या बाजारातून माद्यांसाठी सुकट आणली. पिशवी ओट्यावर ठेवली तर वासानं सून आतून उठून आली आणि दाराशी थांबली. वास घेत उभी राहिली. मेलं, मला तेव्हा इतकं रडू आलं म्हणून सांगू! मी चुलीकडे तोंड करून बसले.

माद्यांच्या आधी मी तिची सुकट निवडली. भाजली, मिरची-लसूण घालून कुटली. तांदळाच्या भाकरी केल्या. पुरुषांच्या आधी तिचं ताट वाढलं, दोन भाकरी आणि मूठभर चटणी. ती ताटाकडे बघून म्हणाली, "आई, कोण पाहुणं येणार हायेत काय?"

"नाय. तुझंच ताट हाय."

"एवढं? तुमीच म्हणता ना, पोर मोठं होईल."

"होऊ दे गो मोठं," मी म्हटलं. "मी चुकले. खा तू."

ती खाली मान घालून जेवायला लागली. पहिला घास घेतला आणि मग भराभर खात सुटली, बघवेना. दोन्ही भाकरी संपल्या. मी पाठ भिंतीला टेकून डोळे मिटले होते, अंगात काही उरलं नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "अजून एक मिळंल?"

चूल मी विझवली होती. परत पेटवली.