मेंढी गेली त्या वाटेने

सीमेवरच्या त्या चौकीत आम्ही चौदा जण होतो. समोरच्या उतारावर माइनफिल्ड होतं, म्हणजे जमिनीत पेरलेले सुरुंग, आणि त्याभोवती काटेरी तार. हुद्द्याने मी नायक, भागवत शिपाई. गावात मात्र पुढारी तोच. आम्ही दोघे धावड्याचे, दोघेही धनगरांची पोरं. शाळेत एकाच वर्षी नापास झालो आणि एकाच दिवशी भरती झालो. त्याचे वडील नामदेवआबा. त्यांच्या मेंढरांमागे आमचं बालपण गेलं.

ओढ्याला चिखल असला की आमच्यात आधी मेंढरू पुढे घालतात. ते रुतलं नाही, की त्याच्याच खुरांवर पाय देत माणसाने जायचं. हे कोणी शिकवत नाही, बघून बघून पायात भिनतं.

त्या दिवशी सुभेदार साहेब सकाळीच वरच्या चौकीवर गेले. चार्ज माझ्याकडे होता. ०६४० वाजता तारेपलीकडून मेंढीचं ओरडणं ऐकू आलं. खालच्या वस्तीतली ती मेंढी तुटक्या तारेतून आत शिरली होती आणि वीस पावलांवर आडवी पडली होती.

"अडली रे," भागवत म्हणाला. "कोकराचा एक पाय बाहेर आलाय."

"आपल्याला काय करायचंय?"

"दोघं मरतील ना. बघ, चिखलात खुरं उमटल्यात. मेंढरू गेलं, मंग मला काय व्हतंय?"

आत कोणी जायचं नाही, हा पक्का हुकूम होता. नव्या जवानांना तो मीच वाचून दाखवायचो. तरी मला भागवतचं बोलणं बिलकुल बराबर वाटलं.

"जा. जल्दी ये," मी म्हणालो.

मेंढीचं वजन किती आणि बूट, जाकीट चढवलेल्या गड्याचं किती, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आठ वर्षं फौजेत काढून आम्ही दोघे धनगर ते धनगरच राहिलो.

०७०५ वाजता बाराव्या पावलाला स्फोट झाला. मेंढी दचकून उठली आणि आल्या वाटेने बाहेर निघून गेली. तिला काहीही झालं नाही. त्या मेंढीचा मला आजही राग येतो.

सुरुंग काढणाऱ्या इंजिनिअर तुकडीला बोलवायला मी रेडिओ उचलला.

"माइन ब्लास्ट. एक जवान जखमी. इंजिनिअर पार्टी भेजो."

"पार्टी आ रही है. और कोई अंदर नहीं जाएगा. कन्फर्म करो."

"कन्फर्म."

भागवतचा डावा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. मी जखमेला बांधायचं फील्ड ड्रेसिंग फेकलं, ते अलीकडेच पडलं. दुसरं त्याच्या हाताशी पोचलं.

"वर बांध. करकचून."

"हात चालंना, रामा."

"बांध म्हणतो ना!"

"तूच ये की."

मी गेलो नाही. एक हुकूम मोडून त्याला आत धाडलं होतं, दुसरा मात्र मी पाळला. त्याने झोपू नये म्हणून तारेशी उभा राहून गावाच्या गोष्टी काढत राहिलो. ०७४८ नंतर त्याने ओ दिली नाही. इंजिनिअर पार्टी ०८२० ला आली.

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. माझ्या हुद्द्याच्या पट्ट्या गेल्या. त्याच्या सामानाची पेटी घेऊन गावी आलो. तिसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "शेवटाला त्याच्याजवळ कोण व्हतं रं?"

खरं सांगितलं असतं, तर त्याला आत सोडलं कोणी, हेही सांगावं लागलं असतं.

"मी वरच्या चौकीवर गेल्तो, आबा. कोणी नव्हतं."

"म्हंजी एकलाच गेला?"

"व्हय."

आता दर वर्षी झेंडावंदनाला शाळेत आबांना आणि मला शेजारी शेजारी खुर्च्या देतात. आबा दर वेळी म्हणतात, "लेकरू एकलंच गेलं." मी दर वेळी मान हलवतो. स्वतःची कातडी वाचवायला मी म्हाताऱ्याच्या जिवाला हा घोर लावला.

आबांना वाचता येत नाही. त्यांची नात हे त्यांना वाचून दाखवील, म्हणून लिहितो.

आबा, जा असं मीच म्हणालो. त्याने बोलावलं आणि मी गेलो नाही. पण भागवत एकटा नव्हता. त्रेचाळीस मिनिटं मी बारा पावलांवर उभा होतो. शेवटी तो म्हणाला, "आबाला सांग, लई दुखलं न्हाई."

दुखत होतं, आबा. पण निरोप त्याचा आहे.