मंगलाच्या आवडीचं पान

बायकोच्या दहाव्याला मी माझ्या आवडीचा स्वयंपाक करायला लावला. आदल्या दिवशी मेहुण्याने विचारलं होतं, "दाजी, ताईला काय आवडायचं? पानावर तेच ठेवू." मी जराही न अडखळता, शाळेत पाढे म्हणावेत तसं सांगून टाकलं... वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, झणझणीत शेवभाजी आणि वर ठेचा. तापीच्या काठावर पान ठेवलं, कावळा आला आणि लगेच शिवला. बायकोची आवड आपल्याला किती नेमकी ठाऊक, असं वाटून मी त्या दुःखातही जरा ताठ उभा राहिलो. परत येताना रिक्षात माझी मुलगी वैशाली शेजारी बसली होती. तिला आम्ही जवळच्याच सचिन गावात दिलंय. ती म्हणाली, "पप्पा, भरीत तुम्हाला आवडतं. आईला वांगं खाल्लं की तोंडात खाज यायची."

मी विचारलं, "मग तिला आवडायचं काय?"

ती म्हणाली, "काय माहीत... ती माझ्या आवडीचं करायची."

मंगलाला जाऊन आता दीड महिना होईल. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवस दवाखान्यात काढले आणि संपलं. आमचा एकतीस वर्षांचा संसार बमरोलीच्या कामगारवस्तीत, चाळीतल्या दोन खोल्यांत झाला. मी सांच्यावर, म्हणजे पॉवरलूमवर, बारा-बारा तासांची पाळी करायचो. घरी येऊन हातपाय धुतले की ताट तयार असायचं. मी जेवायचो, ती चुलीशी... म्हणजे गॅसशी, पण आम्ही चूलच म्हणायचो... बसून एकेक भाकरी टाकायची. माझं पोट भरलं की मी आडवा व्हायचो. नंतर ती काय जेवायची, किती जेवायची, हे बघायला मी कधी जागा राहिलो नाही. लग्न नवं असताना एकदा विचारलं होतं, "तुले काय आवडस?" हे विचारल्याचं मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं, म्हणून पक्कं लक्षात आहे. ती म्हणाली, "माले काय बी चालस." मी ते खरं धरलं. मला सोयीचं होतं ते.

चार वर्षांपूर्वी मी काम सोडलं आणि एकदम सुधारक झालो. "आतापासून दोघं संगतच जेवू," असं जाहीर केलं आणि ही गोष्ट चाळीभर सांगत सुटलो. मंगला माझ्यासमोर ताट घेऊन बसू लागली. ताटाशेजारी ती एक वाटी पाणी ठेवायची आणि भाजीची फोड त्यात बुडवून मग तोंडात टाकायची. मी म्हणायचो, "भाजीले आंघोळ घालस का?" ती हसायची. तिखट तिला सोसत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर रोज दोन वेळा घडत होतं आणि मी रोज दोन वेळा त्यावर विनोद करत होतो.

पण माझा सगळ्यात गाजलेला विनोद जुना होता. वैशाली तेव्हा पाळण्यात होती. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले दोघे जेवायला आले होते. मंगलाने शेजारच्या कोकिलाबेनकडून शिकून गुजराती डाळ केली... पातळ, गूळ-कोकम घातलेली, वर शेंगदाणे. मी वाटी उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणालो, "ही डाळ शे का सरबत? ग्लासात दे ना." दोघे हसून लोळले. मंगलाही हसली. तिने तिन्ही वाट्या उचलल्या, मिरच्या भाजल्या आणि पाच मिनिटांत ठेचा आणून ठेवला. पुढे पंचवीस-सव्वीस वर्षं हा किस्सा मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात वाटी उजेडाकडे धरून, सगळ्या हावभावांसह सांगितला. बहुतेक वेळा मंगला तिथेच वाढत असायची.

आता लाजेची गोष्ट सांगतो. बाराव्या दिवशी भेटायला गावाकडची माणसं आली होती. घरात फार शांतता झाली. मला शांतता सोसवत नाही, म्हणून मी तोच किस्सा काढला. लोकांनी भीतभीत हसून घेतलं. दारात बसलेल्या कोकिलाबेन मात्र पदर सावरून उठल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "बेन, माझं काही चुकलं का?" त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोज दुपारी इथे बसायची मंगला. तुम्ही कारखान्यात गेले की. एक वाटी डाळ आणि मूठभर भात. घरी नेऊन ठेव म्हटलं तर म्हणायची, नको, ते पुन्हा किस्सा सांगतील." मी विचारलं, "आणि मी काम सोडल्यावर?" "मग कमी झालं. तुम्ही भाजी आणायला बाहेर पडले की यायची. उभ्या उभ्या प्यायची."

चार वर्षं मी तिला कौतुकाने समोर बसवून जेवू घातलं होतं...

महिन्याच्या पानाला डाळ मीच करायची ठरवली. कोकिलाबेन आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगत होत्या, "घुसळा अजून. गूळ आता नाही, उकळी येऊ द्या." वैशाली दाराला टेकून बघत होती. पहिला गूळ मी जाळला, दुसऱ्या वेळी जमलं. पान गच्चीवर ठेवून आलो. कावळ्याची वाट बघितली नाही, त्याच्या मतावर माझा आता विश्वास नाही. खाली आल्यावर वैशालीने एक वाटी माझ्यापुढे सरकवली. मी प्यायलो. आंबट, गोड, आणि घशाला कुठेही न टोचणारी. मग आठवलं, त्या दिवशी मी ती चाखलीच नव्हती. नुसता रंग बघून बोललो होतो. मी दुसरी वाटी मागून घेतली आणि तीही संपवली.

वैशाली माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "एवढी आवडत होती तर एकदा तरी तिने मला बोलायला हवं होतं."

कोकिलाबेन गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बोललेली ने, भाई. तुमच्या थाळीत वाढून बोललेली. तुम्ही हसले."