आडनाव वाचणारं सीरम

आमची आत्या चहा गाळतानासुद्धा एक डोळा बारीक करते. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत तिचा उभा जन्म गेला. तिचं काम बीजाणू ओळखायचं. बीजाणू म्हणजे कवचात दडी मारून बसलेले जिवाणू. दूध उकळलं तरी ढिम्म हलत नाहीत. काही निरुपद्रवी, काही पोट बिघडवणारे, दिसायला सगळे सारखे. म्हणून आत्या सशाला मेलेले वाईट बीजाणू टोचते. त्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात. त्या रक्ताचं सीरम, म्हणजे वरचं निवळ पाणी, रंग लावून नमुन्यावर घातलं, की सूक्ष्मदर्शकाखाली वाईट बीजाणूभोवती हिरवी कडी चमकते. "माझा ससा चुकत नाही," असं ती भेटेल त्याला ऐकवायची.

चुकला, आणि नेमका व्याह्यांच्या दुधात.

आतेबहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलाच्या वडिलांचा दूध पावडरचा कारखाना, आणि त्यांच्याच पिंपांतले नमुने तपासायला आले. आत्या साहेबांना म्हणाली, "हे दुसऱ्या कुणाला द्या, माझी सोयरीक आहे ही." साहेब म्हणाले, "ससा तुमचा, सीरम तुमचं. दुसऱ्याला देऊन काय करू?" झालं! सगळ्या पिंपांत हिरव्या कड्या. कारखाना बंद. आतेबहिणीनं रडून घर डोक्यावर घेतलं. "व्याह्यांशिवाय कुणी सापडलं नाही का तुला?" आतोबा करवादले.

पण सगळीच पिंपं वाईट, हे आत्याला पटेना. तिनं तेच सीरम मुद्दाम निरुपद्रवी बीजाणूंवर घातलं. तिथंही कडी! तिनं कपाळावर हात मारला. नव्या सशाच्या कौतुकात सीरम निवडून, म्हणजे त्यातल्या भलत्या अँटिबॉडीज काढून, घ्यायचं राहूनच गेलं होतं. "अगं, हे दोघे चुलतभाऊ," ती मला म्हणाली. "कवचाची धाटणी एकच. या मेल्या अँटिबॉडीज आडनाव वाचतात, पहिलं नाव नाही!"

मग तिनं सीरममध्ये निरुपद्रवी बीजाणू भरपूर ढवळले. आडनावाला भुलणाऱ्या अँटिबॉडीज त्यांना चिकटल्या आणि यंत्रात गरगर फिरवल्यावर त्यांच्यासकट तळाशी बसल्या. वर उरल्या त्या वाईटाला नावानिशी ओळखणाऱ्या. नमुने पुन्हा पाहिले. एकेक पिंप कडीविना निघालं, तशी आत्या स्टुलावर बसल्या बसल्या नाचायला लागली. शेवटच्या पिंपात मात्र कडी होती. तिनं परत परत पाहिलं. होती ती होतीच.

"एकच तर आहे," आतोबा चाचरत म्हणाले. "लिहायलाच हवं का?"

"हवं."

तिनं त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. मला तिची फार दया आली.

अहवाल गेला आणि दुसऱ्याच दिवशी व्याही दारात. लग्न मोडलं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"ते पिंप फेकून दिलं," ते म्हणाले. आत्यानं मान खाली घातली. "आधी सगळी वाईट म्हणालात, मग फिरलात. मला वाटलं, सोयरीक सांभाळताय. पण त्या एकाला सोडलं नाहीत, तेव्हा बाकीच्यांची खात्री पटली. आत्ता नातीला त्या बाकीच्या पिंपांतलंच दूध पाजून आलोय, विहीणबाई."