हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं

मुलीला राहनाळच्या एका गोदामात हिशेबनिसाची नोकरी लागली. राहायची खोली एका दिवसात मिळाली. पण तिथे स्वयंपाकाला परवानगी नव्हती आणि जेवायची जागा काही मिळेना. तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू, रवा, मैदा, कशाचा कणही चालत नाही. मागच्या वर्षी एका लग्नात तिने नुसता भात खाल्ला. भाताच्या पातेल्यात शिऱ्याचा डाव बुडाला होता. सतरा दिवस आजारी होती, सेहेचाळीस किलोंची बेचाळीस झाली. त्यामुळे जागा मिळाली नाही तर नोकरी सोडायची, असं आमचं ठरलं होतं.

तीन दिवसांत निजामपुऱ्यापासून कशेळीपर्यंत आठ हॉटेलं पाहिली. सहा ठिकाणी माझा प्रश्न संपायच्या आत ‘हो, मिळेल’ असं उत्तर आलं. एकाने तर रवा डोसा पुढे केला आणि रवा गव्हाचा नसतो, असा वादही घातला.

आठव्या हॉटेलच्या मेनूत अकरा पदार्थांपुढे ‘ग्लूटेन-फ्री’, म्हणजे गहू नसल्याचा, हिरवा शिक्का होता. मुलीचा चेहरा उजळला. मी मॅनेजरला विचारलं, “डाळीला हिंग घालता ना? डबी दाखवता?”

“काका, हिंग है, गेहूँ थोडी है,” तो हसला, पण डबी आणली. मी चष्मा लावला. घटकांत पहिलंच नाव गव्हाच्या पिठाचं होतं.

“चिमूटभर तर असतो.”

“मग दादा, माझी आजारपणाची रजा तुम्ही मंजूर करणार का?” मुलगी म्हणाली.

शिक्का कोणी ठरवला, असं विचारलं. मेनू छापणाऱ्याने सुचवला होता, आजकाल चालतो म्हणून. स्वयंपाकघरात कोणाला त्याचा पत्ताच नव्हता. आम्ही न जेवता उठलो. न विचारता जेवलो असतो, तर पुढचे सतरा दिवस त्या मॅनेजरने मोजले नसते.

संध्याकाळी राहनाळच्या नाक्यावर एका बाईंची खानावळ दिसली. पाटी नव्हती. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “न्हाय जमनार, दादा. भाकरी तांदलाची हाय, पन चपात्या त्याच तव्यावर होतात. पोरीला तरास झाला तं?”

तीन दिवसांत ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. मी तिथेच बाकावर बसलो. मग त्यांनी स्वतःहून हिंगाची डबी काढून दिली. त्यातही गहू निघाला.

“मंग हिची फोडनी लसनावर,” त्या म्हणाल्या. “तवा, परात, डाव तुमी आना. टांगाया खिला मी ठोकते.”

दुसऱ्या दिवशी त्या जिथून दळून आणतात, त्या गिरणीत मी गेलो. तांदळाची चक्की वेगळी होती. तरी समोर उभा राहून पीठ दळून घेतलं. लाल दोरा बांधलेला तवा खिळ्याला लागला आणि मुलगी कामावर हजर झाली. चार महिने झाले. वजन पंचेचाळीस आहे.

परवा तिला भेटायला जाताना त्या आठव्या हॉटेलात मुद्दाम थांबलो आणि मेनू व हिंगाची डबी मागवली. हिरवे शिक्के आता चौदा झालेत. डबी मात्र तीच आहे.