शिफारशीचा संदेश

पाळक होण्यासाठी सेमिनरीत शिकायला जायचं तर चर्चच्या मंडळीच्या पंचांची शिफारस लागते. आणि शिफारशीआधी उमेदवाराने रविवारच्या उपासनेत एक संदेश द्यायचा, हा आमच्या चर्चचा जुना शिरस्ता. दुसरा शिरस्ता असा, की रविवारी बाईने व्यासपीठावर चढायचं नाही. म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. प्रवेशाची मुदत जवळ आली होती आणि माझी झोप उडाली होती.

वाट काढली ती मुख्य पंचांच्या म्हाताऱ्या आईने. चर्चच्या भगिनी मंडळात मी बोलायचे, तिथे ती मला ऐकायची. "माह्या वाढदिवसाच्या प्रार्थनेले तूच बोलजो वं," ती म्हणाली. "पोरगा आपल्याच घरातून उठून कुठं जाईन?"

नागपूरच्या बेसा भागातल्या त्यांच्या घरी हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. मे महिना, कूलर नुसता घरघरत होता. मुख्य पंच दाराशी खुर्ची टाकून बसले. निघून जायला सोपं म्हणूनच, असं मला वाटलं. मी निवडला होता बायबलमधला, न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेचा दाखला. तो न्यायाधीश कुणाची भीड धरत नसे, पण तिच्या कटकटीला कंटाळून शेवटी त्याने न्याय दिला. वाचायला लागले आणि लक्षात आलं, पंचांना हा टोमणाच वाटणार. एवढे दाखले पडलेत, नेमका हाच कशाला उचलला, म्हणून स्वतःचाच राग आला. आवाज पार खाली गेला.

तेवढ्यात पंच उठले. झालं, हे गेले आणि माझी सेमिनरीही गेली. मी वाक्य अर्धंच सोडलं. पण ते खिडकीकडे गेले आणि त्यांनी कूलर बंद केला.

"मायले आयकू येऊन नाही राहिलं," ते म्हणाले. "बोल."

नागपुरात मे महिन्यात कुणी कुणासाठी कूलर बंद करत नाही. घामाच्या धारा लागल्या, तरी सगळे शेवटपर्यंत बसले.

निघताना पंच म्हणाले, "रविवारी हेच सांग. बाकीच्या पंचाइले मी पाहतो. पण दोघं-तिघं उठून जातीन. थांबू नको."

रविवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. कोण कोण उठेल याचे अंदाज बांधत होते, एकेका काकांचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. व्यासपीठावर उभी राहिले, पहिलं वचन वाचलं, आणि मागच्या बाकावरून दोघी उठून बाहेर गेल्या. बायका उठतील, याची तयारी मी केली नव्हती. आवाज चिरकला. मी पुढचं वचन वाचलं.