बांध वरून दिसतो

माझ्या चुलत्यांचा वाढदिवस मी ज्या मायेने साजरा केला, त्या मायेने त्यांच्या पोटच्या पोरांनीही केला नसेल.

तलवाड्यात माझं फोटो आणि फ्लेक्सचं दुकान आहे. आमचं आणि चुलत्यांचं रान लागून, मध्ये बांध. दर नांगरटीला चुलते तो बांध कोरून वीतभर आमच्याकडे सरकवायचे. वडील बोलायला गेले, की चारचौघांत हसायचे, "तुला काय वरून दिसतंय का बे?" वडील मान खाली घालून परत यायचे. त्या खाली गेलेल्या मानेचा राग माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही.

आकाशातले सुरुवातीचे फोटो माणसांनी फुग्यात बसून आणि पतंगाला कॅमेरा बांधून काढले, हे मी फोटोग्राफी शिकताना वाचलं होतं. लग्नांसाठी माझ्याकडे ड्रोन आहे, पण त्याची घरघर ऐकून चुलते सावध झाले असते. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाकडे कोण बघतंय? कामट्या आणि मेणकापडाचा माणसाएवढा पतंग केला, जुन्या मोबाईलवर व्हिडिओ चालू करून बांधला आणि सोडला. दोरीने हात कापले, पण चित्र मनासारखं आलं. चुलत्यांचा बांध आमच्या रानात पोट काढून बसलेला. मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

महिन्याभराने चुलते दुकानात आले. यंदा त्यांना निवडणूक लढवायची होती.

"पोरी, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लिही, मातीशी इमान राखणारा नेता. अन् मागं ते परदेशातलं रान नगं, आपलंच शिवार टाक."

"टाकते की, नाना," मी म्हणाले आणि पतंगाच्या व्हिडिओतून काढलेला फोटो पुढे केला. जन्मभर तुडवलेलं रान त्यांना वरून ओळखूच आलं नाही.

"लई भारी हाय. मोठा कर."

केला आणि वाढदिवसाला स्टँडवर लावला. चहा पिणाऱ्याला आमच्या विहिरीच्या पायऱ्या मोजता याव्यात इतका मोठा. पुढे चुलत्यांचे जोडलेले हात, मागे तो बांध. दुपारपर्यंत लोकांनी विहीर ओळखली, मग लिंब, मग बांध. हसू पसरत गेलं. चुलते आले, बघितलं आणि गाडीत बसून निघून गेले. मला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. वडिलांना मी मुद्दाम गाडीवर बसवून आणलं.

आमच्या पलीकडच्या रानाची मालकीण, मेंढरं राखणारी मावशी, तिथेच उभी होती. तिने फ्लेक्सच्या कडेला बोट दाखवलं. आमचा दुसरा बांध, तिच्या बाजूचा. त्यालाही तसंच पोट होतं, तिच्या रानात शिरलेलं.

"वरून समदं दिसतंय, पोरी," ती म्हणाली. "आमी खालून बघतच व्हतो."

मी वडिलांकडे वळले. मान खाली. ती चुलत्यांपुढे इतकी वर्षं का खाली जायची, ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी चुलत्यांच्या माणसांनी फ्लेक्स फाडला. सकाळी मी दुसरा लावला, त्याहून मोठा. कडेचा आमचा बांध त्यात पूर्ण घेतला.