मावशीने वाचलेलं पत्र

फीबी नावाच्या बाईविषयी पवित्र शास्त्रात जेमतेम दोन ओळी आहेत. प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र तिनेच समुद्र ओलांडून नेलं, असं मानतात. ते पत्र मी लहानपणापासून ऐकत आले. नेणारी बाई मात्र मला कधी दिसली नव्हती.

ती दिसली ती एका नृत्यशिक्षिकेमुळे. बिबवेवाडीत तिचा भरतनाट्यमचा वर्ग आहे. मी वाघोलीच्या ज्या कॉलेजात मराठी शिकवते, तिथे ती कार्यशाळेसाठी आली आणि आमची मैत्री झाली. लांबचा प्रवास केलेल्या बाईची गोष्ट तिला नाचायची होती. मी फीबीची सांगितली.

"बरं, पोहोचली रोमला. मग पुढे काय केलं तिने?" तिने विचारलं.

पुढचं शास्त्रात लिहिलेलं नाही. मग मावशी आठवली.

माझी मावशी बायबलबाई होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाभोवतीच्या वस्त्यांवर ती तीस वर्षं पायी हिंडली. ओट्यावर बायका जमवायच्या, त्यांना शास्त्र वाचून दाखवायचं, समजावून सांगायचं, हे तिचं काम. मलाही अक्षरं तिनेच शिकवली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, ती तिच्यामुळे. पण चर्चच्या देवळात, पुरुषांसमोर, तिने कधी एक ओळ वाचली नाही. तो मान उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचा. गावच्या मंडळीच्या स्मरणिकेत सगळ्या पाळकांचे फोटो आहेत. हिचं नावसुद्धा नाही.

आता ती हडपसरला माझ्याकडे राहते. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. म्हणून मी ठरवलं, कथा मी सांगायची, मैत्रिणीने नाचायचं आणि पत्र मावशीने वाचायचं, भरल्या देवळात. पुढच्या वर्षी तिला ते जमेलच असं नव्हतं.

इथल्या मंडळीच्या ज्येष्ठ पंचांची परवानगी मागितली. पेटी-टाळावरची ख्रिस्ती कीर्तनं ऐकत ते मोठे झालेले. नाचाला त्यांची हरकत नव्हती.

"पण तिने पत्र वाचलं असं कुठे लिहिलंय? नेलं म्हणतात. नेताना दाखवा."

"नेऊन दिलं आणि गप्प बसली, असंही कुठे लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"आपण प्राध्यापक. आपल्यापुढे आम्ही काय बोलणार!"

हा होकार की टोमणा, कळलं नाही. आम्ही होकार धरला.

मावशी मात्र तयार होईना. "मला नको गं त्या उंचावर चढवू. माझं काम ओट्यावरचं हाय." वेदीच्या खालच्या पायरीवर उभी राहा म्हटलं, तर तीन दिवस विषयच काढला नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "कुठल्या ओळी, ते खूण करून ठेव."

रविवारी उपासनेनंतर प्रयोग झाला. मैत्रिणीने समुद्र नुसत्या हातांनी दाखवला. लाटा, नाव, उन्हाने दिपलेले डोळे. मग ती रोमच्या दारात येऊन उभी राहिली, एक पाय उचललेला, ओंजळ पुढे. मावशीने पायरीवरून पत्रातली फीबीविषयीची दोन वाक्यं वाचली आणि थांबली.

"कळलं का, बायांनो?"

हे आमच्या संहितेत नव्हतं. ओट्यावरची तिची रीत होती ती. कुणी उत्तर दिल्याशिवाय ती पुढे वाचायची नाही. आणि समोर बसलेली पुण्याची माणसं. प्रयोग चालू असताना बोलू नये, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. कुणी हललं नाही. मैत्रीण अजून एका पायावर उभी होती. पहिल्या बाकावरून पंच माझ्याकडे बघत होते. हिला मी कशात ओढलं, असं मला झालं.

"मावशी, पुढचं वाक्य," मी पुटपुटले.

"थांब. आधी त्यांना कळू दे."

शेवटी मागून एक तरुण मुलगी म्हणाली, "सॉरी आजी, मला नाही कळलं."

"सॉरी कशाला, बाळ? सांगितलंस ते बरं केलंस. परक्या गावात अनोळखी बाई येतीय. हातातला कागद बघायच्या आधी तिच्याकडे बघा, तिला आत घ्या, असं पौल सांगतोय."

मग एका बाईंनी विचारलं, "एवढ्या लांब एकटीच गेली का हो ती?"

"ते लिहिलेलं नाही. मी वस्त्यांवर एकटी जायचे. भीती वाटायची."

हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणीने पाय टेकवला आणि ती सरळ फरशीवर, बायकांमध्ये जाऊन बसली. माझी पानं हातातच राहिली. तेवढ्यात पंच उठून उभे राहिले.

"बाई, मुळात तिला वाचता येत होतं का?"

पंच बोलले की मावशी खाली बघायची. आज बघितलं नाही.

"ते मला ठाऊक नाही, साहेब. पण पत्र आणणाऱ्या बाईला लोक दारातच विचारतात, काय लिहिलंय म्हणून. तिला काहीतरी सांगावंच लागलं असंल."

 

"वाचा पुढे," पंच म्हणाले आणि खाली बसले.

मावशीने ओळीवर बोट ठेवलेलंच होतं. तिथून ती पुढे वाचू लागली.